मुळातली चांदणी

"चांदणी आली," मुळीबाबाने जाहीर केलं आणि बंद पडलेल्या गोदामातली दीडशे माणसं पुढे झुकली. पडद्याआड रुग्णाच्या नावाने कापून आणलेली रोपाची पातळ चकती भिंगाखाली होती. तिच्या मधोमध लाल चांदणी. "आजार मुळाशी बांधला. आता औषधं बंद. पोटात औषध असलं की माझी मुळी रुसते."

ज्यांच्या चकतीत चांदणीऐवजी ठिपक्यांचं कडं निघायचं, त्यांचा फेरा बाकी असायचा. त्यांनी पुन्हा यायचं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मागे थोरल्या बहिणीजवळ उभ्या होत्या. तिसऱ्या खेपेला चांदणी मिळाल्यापासून ताईने इन्सुलिन सोडलं होतं. चेहरा ओढला होता, तहान भागत नव्हती.

बाई सरळ पुढे गेल्या आणि पडदा बाजूला सारला. लाल पाण्याच्या पेल्यांत कोवळी रोपं उभी होती.

"मी कापून बघू?"

"कापा की," बाबा हसला. "मंत्र कुठून आणाल?"

बाईंनी एका रोपाचं खोड कापून भिंगाखाली धरलं. कडं. त्याच रोपाचं मूळ कापलं. चांदणी. दुसरं रोप, तिसरं रोप, तेच.

"झाडात पाणी बारीक नळ्यांतून चढतं," त्या म्हणाल्या. "खोडात नळ्यांचे जुडगे कडेने गोल असतात, मुळात त्या मधोमध एकवटतात. त्यांत लाल रंग चढलाय, एवढंच. हा कुणाला खोड कापून दाखवतो, कुणाला मूळ."

बाबाचं तोंड उतरलं. मग रांगेतली एक म्हातारी पुढे सरकली.

"बाई, तुमच्या हाताला तर तीनदा चांदणी आली. माझ्याही नावाने कापा ना."

बघता बघता तिच्यामागे रांग लागली. बाबाने डोळे मिटून हात जोडले. "न मानणाऱ्यालाही पावते माझी मुळी."

घरी जाताना बाईंनी ताईचा हात धरला. "आज तरी इंजेक्शन घे."

"तूच तर चांदणी काढून दाखवलीस," ताई म्हणाली. "आता कशाला घाबरवतेस?"

चार दिवसांनी ताई बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी शर्थ केली, पण फार उशीर झाला होता.

"माझंच चुकलं," भाऊजी नंतर म्हणाले. "आणखी एक फेरा करायला हवा होता."

"भाऊजी, चांदणी त्या रोपाच्या प्रत्येक कोवळ्या मुळात असते. धडधाकट माणसाच्या नावाने कापा, नाहीतर आजाऱ्याच्या. कुणी काही दाखवलं, तर दुसऱ्याकडून पडताळून घ्या. आणि तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नका."

"बघू," भाऊजी म्हणाले.

बाईंनी फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचललं. महिना संपत आला होता आणि एकही गोळी कमी झालेली नव्हती.