ताईंच्या आवाजातली थरथर

मित्रांनो, खिडकीखालच्या टेबलावर धूळ खात पडलेला हा जाडजूड संगणक म्हणजे मी. आता मला कुणी सुरू करत नाही. पण एके काळी या प्रयोगशाळेत माझ्याशिवाय पान हलत नसे.

मला कामाला लावलं ते बाईंनी. त्या संगणकशास्त्राच्या संशोधक. त्यांनी मला माणसांचे आवाज ऐकायला शिकवलं. एका आजारात पुढे हात कापू लागतात, पण त्याच्या कितीतरी आधी आवाजात बारीक थरथर येते. कानाला न कळणारी ती थरथर मी ओळखू लागलो. माझं कौतुक छापून आलं. बाईंनी ठरवलं, माझ्यातला हा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट द्यायचा. कुणीही घ्यावा, कुणीही वापरावा.

वाटपाच्या आदल्या दिवशी बाईंची थोरली बहीण आली. ताई शहरातली बस चालवायच्या. गणवेशातच आल्या होत्या.

"बघू तरी तुझं यंत्र मला काय म्हणतंय!" असं म्हणत त्या माइकसमोर बसल्या आणि थांब्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. मी ऐकलं. पडद्यावर थरथरीची लाल रेघ उमटली आणि बाईंचा चेहरा उतरला.

"काय गं? नापास झाले की काय?"

"नुसती शंका आहे, ताई. यंत्र चुकतंही. पण तू तपासून घे."

ताईंचं हसू मावळलं. "डेपोत कळलं तर स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत मला."

"आणि खरंच आजार असला तर? गाडीत माणसं असतात."

"मला सांगतेस? रोज मीच नेते त्यांना!"

मग ताई हळूच म्हणाल्या, "उद्या तू हे वाटणार. रजेसाठी मी डेपोत फोन करते, ते बोलणं तिथे साठवून ठेवतात. कुणी तेच यात घातलं तर? इथे मी आपण होऊन बसले. तिथे मला कोण विचारणार आहे?"

बाईंनी त्याच रात्री वाटप थांबवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. लांबच्या एका छोट्या दवाखान्यातले हे डॉक्टर. मला शिकवायला रुग्णांचे आवाज त्यांनीच मिळवून दिले होते. वाटप थांबवलं हे ऐकताच ते भडकले.

"मॅडम, घास तोंडापर्यंत नेता येईनासा झाला की लोक माझ्याकडे येतात! लवकर कळलं असतं तर त्यांची काही वर्षं धड गेली असती. त्यांना काय सांगू? तुमच्या बहिणीच्या नोकरीसाठी थांबा?"

"पहिली मागणी कुणाची आलीय, माहीत आहे?" बाईंचा आवाज चढला. "दवाखान्याची नाही. बस डेपोची. सगळ्या चालकांना न सांगता तपासायचंय त्यांना."

डॉक्टरांनी ते मागणीचं पत्र मागून घेऊन वाचलं.

खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं, प्रोग्रॅम फक्त दवाखान्यांना द्यायचा. समोर बसलेल्या माणसानं पडद्यावर त्याच क्षणी उमटलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं, तरच तो चालेल. साठवलेल्या आवाजावर चालणार नाही. हे करायला काही महिने लागणार होते.

"तोवर जे उशिरा येतील, त्यांना काय तोंड दाखवू?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे बोट दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ताईंनी आपण होऊन बस सोडली आणि तपासणी करून घेतली. शंका खरी निघाली. "मला चोरून पकडलं असतं ना, तर कडाकडा भांडले असते," त्या बहिणीला म्हणाल्या. "तू सरळ तोंडावर सांगितलंस, म्हणून गेले." आता त्या नव्या चालकांना शिकवतात.

पण त्याच महिन्यांत डॉक्टरांकडे एक सुतार आला. फार उशिरा आला. त्याच्या हातात पटाशी ठरत नव्हती. डॉक्टरांचा फोन येताच बाई त्याच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. परतल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या आणि कामाला लागल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखी यंत्रं घडवाल. माझ्यावरची धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण यंत्राला एखाद्या माणसाबद्दल विचारण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि तुम्ही थांबलात म्हणून ज्याला उशीर झाला, त्याच्याही घरी एकदा जाऊन या.