लेथवरचा हार

मंदी आली तशी उद्यमनगरातली ती शेड रोज रात्री एका मशीनएवढी आखूड होऊ लागली. सकाळी कामगार आत आले की आधी मागची भिंत कुठवर आलीय ते बघायचे. पत्रा तोच, खिडक्या तेवढ्याच, फक्त शेवटचं मशीन नसायचं. ज्याचं मशीन गेलं तो दारातच थांबायचा, डबा या हातातून त्या हातात घ्यायचा आणि घरी जायचा. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. भांडायचं तरी कुणाशी? मालक केव्हाच केबिनसकट भिंतीपलीकडे गेले होते. फोरमन नेर्लेकर तेवढे दाराबाहेर स्टूल टाकून हजेरी घेत.

खंडेनवमीपर्यंत शेडमध्ये दोनच मशीनं उरली होती. मागे इलाही नदाफचं ड्रिल, आणि दाराशी तातोबा मगदूमचं लेथ. दोघांनी मशीनं पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. पूजा मांडलेल्या मशीनला ती उतरेपर्यंत कुणी चालवत नाही, आणि जागचं हलवणं तर दूरच. ही रीत भिंतीलाही ठाऊक असावी. दसऱ्याच्या सकाळी ती होती तिथंच होती.

इलाही कामाला उतावीळ. त्यानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हार उतरवला आणि ड्रिल चालू केलं. तातोबा मात्र सोनं वाटायला सासुरवाडीला गेला आणि मटणाच्या ताटावर आणखी दोन दिवस रेंगाळला. परत आला तर ड्रिल नव्हतं. भिंत त्याच्या लेथला टेकून उभी होती आणि लेथवर सुकलेला हार होता.

तातोबानं हार उतरवला नाही. त्याच्यावरच नवा घातला.

तेव्हापासून त्याची बायको अक्काताई रोज सकाळी हार ओवू लागली. तातोबा लेथशेजारी बसायचा. हजेरी लागायची, पगार यायचा. फुलं इलाही विकायचा, शेडच्या दारातच.

"तुझ्या एका लेथावर माझं घर चालालंय बघ," इलाही म्हणायचा.

"मग दोन फुलं जास्त घाल की लेका."

"मंदी हाय गड्या."

दोघं पोट धरून हसायचे. खोटं कशाला सांगा, तातोबाला इतकं निवांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मागच्या भिंतीला पुढं येता येईना, तेव्हा बाजूच्या दोन सरकल्या. तातोबाचे कोपर टेकले. त्यानं हाताची घडी घातली. पत्रा खाली आला. त्यानं टोपी काढली. अक्काताई डबा आडवा करून आत सरकवायची.

एकदा डबा देताना तिनं त्याचा तळवा चाचपला.

"घट्टे कुठं गेलं हो? हात नव्या नवरीगत मऊ झाल्यात."

तातोबानं बोटं मिटली. रॉड पकडणारा लेथचा चक आवळायचा कसा, हे त्यांना आठवतंय का, ते तो आतल्या आत तपासून बघत होता.

त्याच दुपारी नेर्लेकर दारात वाकले. हातात रॉड होता.

"तातोबा, ऑर्डर आलीय. पंपाचा शाफ्ट. एक करून द्यायचा. पसंत पडला तर पुढचे आपले, नाहीतर काम दुसऱ्या शेडला जाणार."

"हार हाय साहेब."

"दिसतोय."

"काढला की भिंत येणार."

"तेही दिसतंय." नेर्लेकरांनी रॉड खाली ठेवला नाही. "पण न कापता तू टर्नर किती दिवस राहशील?"

तातोबा हाराकडे बघत राहिला. मग रॉडकडे. मऊ बोटं आपोआप उघडमिट करत होती.

"सरका," अक्काताई म्हणाली. पदर खोचून ती लेथ आणि भिंत यांच्यात शिरली. मावण्यासारखी जागा नव्हती, तरी मावली. तिनं दोन्ही हातांनी हार उचलला आणि लेथच्या वर, वीतभर अंतरावर, तसाच धरला.

"काढला न्हाई," ती म्हणाली, "आन् घातलेला बी न्हाई. लावा मशीन."

तातोबानं रॉड चकात आवळला. बोटांना आठवत होतं. बटण दाबलं. भिंत पुढं आली, अक्काताईच्या पाठीला टेकली, थांबली.

"कळ लागली तर सांग."

"तुमी कापा वो!"

लोखंडाचा निळसर कीस वेटोळी घेत खाली पडू लागला. तातोबा गुणगुणत होता. अक्काताईचे कोपर किंचित वाकले, पुन्हा ताठ झाले. दाराबाहेर नेर्लेकरांनी पुढचा रॉड उचलून धरला.