पिवळीच्या बदल्यात

माझ्या धाकटीने तिची पिवळी गाडी विकायला काढली आहे, हे मला तिच्या तोंडून नव्हे, एका परक्या माणसाकडून कळले, आणि तेही फोनवर.

"मॅडम आहेत का? गाडीच्या अदलाबदलीचं बोलायचं होतं."

"कोणती गाडी?"

"पिवळी स्पोर्ट्स कार, टू-सीटर. तिच्या बदल्यात आमच्याकडची सेडान बघून गेल्यात त्या. सेकंडहँड आहे, पण एकदम रॉयल."

मॅडम दवाखान्यात आहेत, आणि असले व्यवहार आधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायचे असतात, असे मी त्याला सुनावले. तो "हो आजी" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यातला 'आजी' हा शब्द मी बाजूला काढून ठेवला.

धाकटी म्हणजे माझी मुलगी. पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच. जनावरांची डॉक्टर आहे. थोरले दोघे संसार थाटून दूर गेले. ही एकटी राहिली ती स्वखुशीने, आणि माझ्याजवळ राहिली तीही स्वखुशीने. लहानपणी भावांच्या जुन्या सायकली चालवल्या, मोठेपणी दवाखान्यासाठी राबली. स्वतःसाठी म्हणून तिने काही मागितल्याचे मला आठवत नाही. आणि मग एके दिवशी ती ही गाडी घेऊन दारात उभी राहिली. पिवळीधमक, बुटकी, छप्पर मागे दुमडणारी, दोनच माणसांची. थोरला फोनवर म्हणाला, "या वयात हे काय, आई?" मी म्हटले, "तू या वयात टकलाला तेल चोळतोस, त्याबद्दल मी कुणाला विचारलं का?" तो विषय तिथेच संपला.

रविवारी सकाळी आम्ही दोघी डोक्याला रुमाल बांधून निघत असू. गाडी गावाबाहेर पडली की धाकटी शीळ घालायची. घरात मी तिला कधी शीळ घालू दिलेली नाही. पण त्या गाडीत छप्पर नव्हते, तेव्हा ते घर नव्हते, असा मी माझ्यापुरता निवाडा केला होता.

मग माझा खुबा मोडला. मोडेन पण वाकणार नाही, हे मी जन्मभर ऐकवत आले. आता डॉक्टरांनीच वाकायला मनाई केली. पहिल्या तपासणीला धाकटीने मला पिवळीतूनच नेले. आत बसणे कसेबसे जमले. उतरणे मात्र जमेना. इस्पितळाच्या दारात दोन वॉर्डबॉय आणि एक वाटसरू यांनी मिळून, विहिरीत पडलेली कळशी काढावी तसे मला वर काढले. लोक थांबून बघत होते. मी साडी नीट केली आणि धाकटीला म्हणाले, "यात मी पुन्हा बसणार नाही."

ते मी माझ्यापुरते बोलले होते. टॅक्सी कशासाठी असतात? पण तिने त्या वाक्याचा, गाडीच नको, असा अर्थ घेतला, आणि परस्पर व्यापाऱ्याकडे जाऊन आली. यजमानांच्या मागे फर्निचरचे दुकान मी एकटीने चालवले, ते कुणाच्या खांद्यावर भार टाकून नव्हे. माझ्या एका खुब्यापायी माझ्या मुलीने तिची एकुलती एक हौस मोडावी, हे मी होऊ देणार नव्हते. कुणाच्या गळ्यातली धोंड होण्यापेक्षा मी खाटेवर पडून राहिले असते.

तिला सरळ मनाई करून उपयोग नव्हता. तिने "बरं आई" म्हटले असते आणि आठवड्याने तेच केले असते. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला, ते सांगायला नको. तेव्हा सौदा व्यापाऱ्याच्या दारातच मोडायचा, असे मी ठरवले.

"उद्या मीही येते," संध्याकाळी मी म्हणाले.

"कुठे?"

"जिथे तू मला न सांगता सौदे करतेस, तिथे."

ती हात धूत होती. नळ बंद करायचे विसरली. "वॉकर घेऊन येशील?"

"नाही, उडत येईन. नळ बंद कर."

दुसऱ्या दिवशी ती पिवळीतून पुढे आणि मी टॅक्सीतून मागे, अशी आमची वरात निघाली.

व्यापारी पन्नाशीचा, गोलमटोल, दोन फोन बाळगणारा होता. "या आजी, या," म्हणत तो पुढे आला.

"आजी तुमच्या घरी असतील. दुकानात मला सगळे बाई म्हणत."

"या बाई," तो लगेच म्हणाला. माणूस चटकन शिकणारा होता.

सेडान आवारात मधोमध उभी होती. काळी, लांब, पुसून चकचकीत केलेली. ती बघून मला बिजवराचे स्थळ आठवले: घराणे मोठे, बोलणे गोड, वय झालेले, आणि पहिला संसार का मोडला हे कुणी विचारायचे नाही. मी वॉकर घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारली. धाकटी पिवळीपाशीच थांबली, तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून. तो हात बघितला आणि मी कामाला लागले.

"दार उघडा," मी म्हणाले. मागच्या सीटवर बसले. बसायला उठायला सुरेख होती, ते मी बोलले नाही. "स्पंज बसलाय. डाव्या बाजूला कुणीतरी वजनदार माणूस वर्षानुवर्षं बसत होता."

"नवीन सीट करून देतो बाई. लेदरमध्ये."

"हे लाकूड कसलं?"

"अक्रोडाचं."

"अक्रोडाच्या रंगाचा कागद आहे हा. माझ्या दुकानात असला माल मी गोदामातसुद्धा ठेवला नसता."

"त्याचे पैसे कमी करू."

"टायर?"

"टायर बरे आहेत, पण तुम्ही म्हणता तर चारही नवे घालतो."

"आणि हा वास? सुगंधी फवारा मारलाय, म्हणजे खाली काहीतरी लपवलंय. कुत्रा होता का आधीच्या मालकाकडे?"

"बाई, मॅडम जनावरांच्याच डॉक्टर आहेत," व्यापारी कळवळून म्हणाला.

"म्हणूनच. तिला दिवसभर तोच वास असतो. घरी येतानाही तोच कशाला?"

मी डिकीला नावे ठेवली, आरशांना ठेवली, दार लावल्याच्या आवाजाला ठेवली. तो आवाज खरे तर जड कपाटाच्या दारासारखा होता, भरीव. दर खेपेला मला वाटे, आता हा चिडेल आणि म्हणेल की बाई, जमत नसेल तर राहू द्या. पण तो चिडेना. उलट त्याचा चेहरा उजळत गेला. त्याने पोऱ्याला चहा सांगितला, मग बिस्किटे सांगितली, पिवळीची किंमत आपण होऊन वाढवली, आणि दोन वर्षांची दुरुस्ती फुकट लिहून द्यायला तयार झाला.

"बाई, एक सांगू?" तो शेवटी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "आल्या आल्या मी ओळखलं. ज्याला घ्यायचं नसतं तो 'छान आहे, छान आहे' म्हणतो आणि निघून जातो. नावं ठेवणारं गिऱ्हाईक माल घेऊनच जातं. तुम्ही ही गाडी नेणार."

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या विक्रेत्याला मी पहिल्या दिवशी शिकवत असे. करायला गेले एक आणि झाले भलतेच. सौदा मोडायला आलेल्या मीच तो असा पिकवला होता की आता नाही म्हणणारा वेडा ठरला असता.

"कागद तयार करू?" व्यापारी म्हणाला.

"थांबा. मला माझ्या मुलीशी बोलायचंय. एकटीशी."

आवाराच्या टोकाला पिवळी उभी होती, तिथवर मी वॉकर टेकत गेले. धाकटी हसू दाबत होती. "आई, तू तर त्याला पार सोलून काढलंस."

"हसू नकोस. ही गाडी तू विकायची नाहीस."

"अगं, आत्ता तर—"

"आत्ता मी मोडायला गेले होते. जमलं नाही, तो भाग वेगळा. माझ्यासाठी विकतेयस ना?"

"नाही."

"माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

तिने आवाराकडे एकदा नजर फिरवली. व्यापारी फोनवर होता. तिने पिवळीचे दार उघडले आणि आत बसली. "आता बघ," ती म्हणाली. "नीट बघ, दुसरीकडे तोंड फिरवू नकोस."

तिने आधी एक पाय बाहेर टाकला. दुसरा टाकायला तिला दोन्ही हातांनी मांडी उचलावी लागली. मग ती अंग वळवून दाराला बिलगली, एक तळहात खाली जमिनीवर टेकला, गुडघा टेकला, आणि कमरेखालचा भाग आधी वर करत, दात ओठांवर दाबून, हळूहळू सरळ झाली. उभी राहिल्यावरही क्षणभर तिने कमरेवरचा हात काढला नाही.

"घोडा उठताना आधी पुढचे पाय टाकतो," ती हातावरची माती झटकत म्हणाली. "गाय आधी मागून उठते. मी गाय झालेय, आई. घोडा राहिला फक्त बॉनेटखाली."

"कधीपासून?"

"पुष्कळ दिवस झाले. मोठी कुत्री टेबलावर उचलून उचलून कंबर गेलीय. दवाखान्यात गाडी मागच्या भिंतीला लावते, म्हणजे उतरताना कंपाउंडर बघत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू पट्टा बांधायला लावला असतास, दवाखाना अर्धा वेळ करायला सांगितलं असतंस आणि दादाला फोन केला असतास."

यातल्या तिन्ही गोष्टी मी केल्या असत्या.

"दादा म्हणालाच होता, या वयात हे काय म्हणून," ती पिवळीच्या दारावरून बोट फिरवत म्हणाली. "कंबर गेली म्हणून विकली, असं मला त्याला सांगायचं नव्हतं. कुणालाच सांगायचं नव्हतं. तुझा खुबा मोडला तेव्हा, देवाशपथ, मला फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी इस्पितळाच्या दारात तू म्हणालीस ना, पुन्हा बसणार नाही, तेव्हा मला वाटलं, सुटले. आता आईसाठी विकली असं म्हणता येईल. तू ओझं नाहीस गं. तू माझी सबब आहेस. एवढी होशील का माझ्यासाठी?"

मी तिच्याकडे बघितले. कानांमागचे केस पांढरे झाले होते. ते मी रोज बघत होते, पण मोजत नव्हते. माझ्या हिशेबी ती भावाच्या सायकलवरून गुडघे फोडून येणारीच राहिली होती. तिच्या गुडघ्याला माती लागली होती. मला वाकता येत नव्हते, नाहीतर मी ती पुसली असती.

"झटक ते," मी म्हणाले. "आणि चल."

व्यापाऱ्याच्या केबिनमध्ये त्याचा हिशेबनीस होता, चहा आणणारा होता, आणि दुसरी गाडी बघायला आलेले एक जोडपे होते. मी मधल्या खुर्चीवर बसले, वॉकर सगळ्यांना दिसेल असा समोर ठेवला, आणि दुकानात मागच्या रांगेपर्यंत पोहोचत असे त्या आवाजात बोलले.

"लिहा कागद. ही गाडी आम्ही माझ्यासाठी घेतोय. माझे पाय आता कामातून गेलेत. खाली बसवत नाही, बसलं तर उठवत नाही. पोरीच्या मनात नव्हतं विकायचं. मीच हट्ट धरला."

असे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. खुबा मोडला तेव्हा रुग्णवाहिकेतसुद्धा मी "पाय जरा लचकलाय" असेच सांगितले होते. जोडप्यातली बाई "अरेरे" म्हणाली. तेही मी ऐकून घेतले.

"आईसाठी एवढं करणारी मुलं आता कुठे राहिली," व्यापारी म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले. धाकटी मान खाली घालून सही करत होती. सही नेहमीपेक्षा फार वेळ चालली होती.

पिवळीची किल्ली तिने स्वतःच्या हाताने त्याला दिली. सेडानच्या मागच्या दाराकडे व्यापारी मला अदबीने नेऊ लागला, तेव्हा मी पुढचे दार उघडायला सांगितले. रस्त्यात गाडी जहाजासारखी चालत होती. एका वळणानंतर धाकटीने पाठ सीटला पूर्ण टेकवली आणि तिच्या तोंडून एक लांब, सुखाचा श्वास बाहेर पडला. जरा वेळाने शीळ ऐकू आली. डोक्यावर छप्पर होते. मी काही बोलले नाही.

आमच्या फाटकापाशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि जिभेवर काही टिकत नाही.

"पिवळी कुठे गेली हो, बाई?"

"दिली," मी काच खाली करून म्हणाले. "माझ्यामुळे. मला आता चढउतार होत नाही. थोरल्याने तुम्हाला फोन करून विचारलं, तर त्यालाही तसंच सांगा."

वहिनींनी तोंड भरून हळहळ केली. तेवढ्यात धाकटीने आपल्या बाजूचे दार उघडले. एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि कशालाही हात न टेकता, चांगली ताठ उभी राहिली. मग तिने चटकन माझ्याकडे बघितले, मी बघतेय का म्हणून.

मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. तो माझ्या नाकावर होता.