एल्विराच्या बापाची कुऱ्हाड

मध्य अमेरिकेतल्या अँटिग्वात परदेशी पाहुण्यांना स्पॅनिश शिकवतात ते अंगणात, झाडाखाली. एका टेबलाला एक मास्तर, एक पाहुणा. करायचो, खायचो, राहायचो असला भूतकाळ आला की मास्तरानं आपलं लहानपण सांगायचं आणि पाहुण्यानं तीच क्रियापदं घोळवायची. गावभर हीच रीत.

मास्तरीण एल्विरा वर्षानुवर्षं खोटंच सांगत आली. आम्ही कुत्रा पाळायचो, रविवारी मक्याचे उकडलेले तामाल खायचो. खरं लहानपण डोंगरात गेलं होतं, लढाईच्या दिवसांत. ते ती एकदाच बोलली, शेजारच्या टेबलावरच्या तरण्या मास्तरापाशी, मायनोरपाशी. त्याची आई गेली होती, पोरगं एकटं रडत बसलेलं, म्हणून.

आणि आज सकाळी शेजारून मायनोरचा आवाज ऐकू आला, "सैनिक यायचे. बाप आम्हाला न्हाणीच्या बुटक्या खोपटात लपवायचा. स्वतः बाहेर लाकडं फोडायचा. कुऱ्हाड वाजायची तोवर आम्ही भ्यायचो नाही. एक दिवस ती थांबली."

त्याच्या समोरची पाहुणी पोरगी डोळे पुसत म्हणत होती, "लपवायचा. फोडायचा. वाजायची."

मधल्या सुट्टीत एल्विरानं त्याला कॉफीपाशी गाठलं. "काय रे, तुझा बाप राजधानीत बस चालवतो ना अजून?"

"हळू बोला, बाई. पाहुण्यांना आवडतं. माझं टेबल आता रिकामं राहत नाही. तुम्ही मात्र त्या कुत्र्याचंच दळण दळता."

"तो माझा बाप होता, मायनोर."

"मग सांगायचं होतंत. कुणी तोंड धरलं होतं तुमचं?"

हे तिला फार लागलं. ती तरातरा टेबलाशी आली. समोर नॉर्मन, कॅनडाचा, पेन्शनीतला, भला माणूस. कुत्रा बाजूला ठेवून तिनं पहिल्यांदा खरं सांगायला घेतलं. सैनिक, खोपट, सगळं आलं. कुऱ्हाड आली तसा नॉर्मन ओशाळं हसला.

"बाई, हे मायनोरचं आहे. आत्ता सुट्टीत त्याच्या टेबलावरच्या मुलीनं सांगितलं आम्हाला. सगळे रडलो. तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा ना."

एल्विरानं शेजारी पाहिलं. मायनोर पुसलेला फळा पुन्हा पुसत होता.

माझंच आहे म्हणावं, तर पुरावा कसला देणार? बाजारात भाव करतात तसा बापावर हक्क सांगायचा?

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुम्ही काय करायचात?"

नॉर्मन खुलला. तळं गोठायचं, पोरं बर्फावर घसरायची, आई गरम सूप द्यायची. तासभर त्याचं चाललं. चुकला की ती सुधारून देत होती.

"माझा बाप बुटांच्या नाड्या बांधायचो."

"बांधायचा," एल्विरा म्हणाली. "पुन्हा म्हणा. माझा बाप बांधायचा."