माझ्या पोटातल्या मुंग्या

भंगारवाला दाराबाहेर हातगाडीला टेकून उभा आहे. दादाने माझी वायर एकदा शेवटची म्हणून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली आहे, आणि त्याची धाकटी बहीण माझ्या पडद्यावरची पांढरी खरखर पाहत बसली आहे.

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा. कारखान्यात माझ्या पोटात तारा बसवल्या गेल्या तेव्हा वाटले होते, आपल्या वाट्याला मोठ्यांच्या गंभीर बातम्या येणार. पण मी खरा उजळलो तो या घरातल्या शनिवारच्या सकाळी.

त्या दिवशी शाळा नसे. अंघोळ टाळून दोघे भावंडे चटईवर बसत. टोपी घातलेला कापडी कोल्हा माझ्या काचेत अवतरला, की दुधाचे पेले हातातच निवून जात. सारे समजत, उजेड मी देतो. मला मात्र तो त्यांच्या चेहऱ्यांवरून माझ्याकडे येताना दिसे.

एका शनिवारी वाऱ्याने गच्चीवरचा अँटेना फिरला. कोल्हा नेमका विहिरीत डोकावत होता, आणि पडदा खरखरला.

"आल्या मुंग्या," दादा वैतागून म्हणाला. "बुटके, हात लावू नकोस हं. मी अँटेना फिरवून येतो."

बुटकी तेव्हा इतकी लहान होती, की प्रत्येक शब्दावर तिचा विश्वास होता. तिने स्वयंपाकघरातून मूठभर साखर आणली आणि माझ्या पाठीमागच्या फटींपाशी ओतली.

"या गं बाहेर," ती फटींना तोंड लावून कुजबुजली. "आम्हाला कोल्हा बघायचाय."

त्याच क्षणी गच्चीवर अँटेना जागेवर आला. चित्र लख्ख झाले.

दादा धापा टाकत खाली आला. "बघ, आणलं की नाही चित्र?"

"तू कुठे? मी आणलं. साखर घालून."

आई हसून हसून खाली बसली. संध्याकाळी खऱ्या मुंग्यांची रांग माझ्या पोटात शिरली. मेकॅनिकने माझी पाठ उघडली आणि गंभीरपणे निदान केले, "वहिनी, टीव्हीला शुगर झालीय."

पुढे भिंतीवर चपटा टीव्ही आला. माझ्यावर आधी फुलदाणी आली, मग इस्त्रीचे कपडे, मग नुसती धूळ. तरी त्या धुळीखाली माझे शनिवार शाबूत होते. मित्रांनो, जुनी प्रत्येक वस्तू घरात मावत नाही, हे मलाही कळते. फक्त निरोप देण्यापूर्वी तिच्यावरून एकदा मायेने फडके फिरवा.

दादाने आता तेच केले आहे. काच पुसून तो हळूच म्हणतो, "बुटके, यात आता काही दिसायचं नाही गं. नुसत्या मुंग्या. देऊन टाकायचा ना?"

बुटकी उठते. स्वयंपाकघरात जाते.

आतून साखरेच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज येतो.