तिसऱ्या टॅपेटची टकटक

सुमंतला सांगितलं होतं ब्रेक बघायला. फक्त ब्रेक. "इंजिनाले बोट लावू नको," असं मारोतरावकाकांनी तीनदा सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा त्याचं बोट धरून सांगितलं होतं, कुठलं बोट ते कळावं म्हणून.

मोटार १९२९ची. मारोतरावांच्या वडिलांनी कन्हानच्या खाणीतल्या एका गोऱ्या मॅनेजरकडून घेतलेली. आता ती प्रताप नगरात पत्र्याच्या शेडखाली, तुळशीला लागून उभी असे. त्यांची बायको इंदुताई सकाळी तुळशीला पाणी घालत आणि उरलेलं रेडिएटरमध्ये ओतत. दोन्हींची तब्येत ठीक होती.

इंजिन सुरू झालं की तिसऱ्या सिलिंडरमधून टकटक यायची. व्हॉल्व उचलणारा एक छोटा दांडा असतो, टॅपेट म्हणतात त्याला. तो ढिला होता म्हणून वाजायचा, बाकी काही नाही. पण मारोतराव त्या टकटकीवर गाडी चालवायचे. टकटक दाटली की गिअर बदलायचा, विरली की पाय दाबायचा. स्पीडोमीटर बंद पडून साठ वर्षं झाली होती, त्यांना अजून त्याची आठवण आली नव्हती.

सुमंत बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. तिथे आवाज करणाऱ्या मशीनला दुरुस्तीसाठी लाल चिठ्ठी चिकटवतात. आठ वर्षं चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून त्याला सवयच लागली होती. बारशाला गेला तरी पाळणा कुठे करकरतो ते आधी बघायचा. रविवारी ब्रेकचे रॉड सारखे करून झाले, मारोतराव आंघोळीला गेले, आणि सुमंतच्या हाताला खाज सुटली. झाकण काढलं, फट मोजायची गेजपट्टी घातली, टॅपेटचा नट आवळला. चार मिनिटांचं काम.

मारोतराव आले, हँडल मारलं, सीटवर बसले. इंजिन तेलात भिजल्यासारखं गुपचूप फिरत होतं. त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे.

"सुमंत, टकटक येऊन राहिली का गा?"

खरं बोलायला एक सेकंद होता. सुमंतने तो पूर्ण वापरला.

"येऊन राहिली ना काका. मस्त."

मारोतरावांचा हात हळूच कानाकडे गेला.

त्यांनी शेजारच्या प्रेमिलाकाकूंनाही विचारलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कोण मोडणार? "येते ना भाऊजी," त्या म्हणाल्या, "मले तर दुपारची झोप नाही येत तिच्यानं." सोमवारी कानाचा डॉक्टर झाला. त्याने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कानात जेवढं कमी असावं तेवढं कमी आहे असं सांगितलं. मंगळवारी कानाची मशीनं आली.

गुरुवारी इंदुताईंचा फोन आला.

"सुमंत, यायनं गाडी विकाले काढली रे. म्हणतात, ज्याले आपल्या गाडीचं ऐकू येत नाही त्यानं रस्त्यावर जाऊ नये, कोणाचं लेकरू मरन. रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येते. काल पोरीशी फोनवर बोलता बोलता रडले, अन् फोन उलटा धरला होता."

त्या दिवशी कारखान्यात एक पंप खडखडत होता. सुमंतने चिठ्ठी चिकटवली नाही. डबा न उघडता पंपाशेजारी बसून राहिला. साहेबाने विचारलं तर म्हणाला, "वाजू द्या साहेब, त्याचं काही असंल."

रविवारी तो आठलाच पोचला. बेत सोपा होता: काकांची नजर चुकवून नट सैल करायचा, आणि गप्प बसायचं. पण मारोतराव आंघोळ उरकून, टोपी घालून, बंद गाडीत स्टेअरिंग धरून बसले होते. उठायचं लक्षण नव्हतं.

"काका, टॅपेट मी आवळला."

"काय म्हणून राहिला?"

"टॅपेट मी आवळला, काका!"

"मोठ्यानं बोल बे."

"टॅपेट मीच आवळला! अन् तुमच्याशी खोटं बोललो! तुमचे कान चांगले आहेत!"

प्रेमिलाकाकू गच्चीवर आल्या. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली. मारोतरावांनी खिशातून डबी काढून उघडली. मशीनं दोन्ही आत, बंद.

"पयल्यांदाच ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "पण मी सात दिवस बहिरा होतो. तू तीनदा तरी ओरडलाच पायजे." ते हसत नव्हते.

गिऱ्हाइकाला इंदुताईंनी फोन करून नको म्हटलं. मारोतराव म्हणाले, "आता पयल्यासारखं कर."

सुमंतने पाना नटाला लावला आणि तसाच थांबला. नट हलवण्याआधी जुनं माप लिहून ठेवायचं, ही कारखान्यातली पहिली शिकवण. त्याने लिहिलं नव्हतं. जी गोष्ट बिघाड आहे तिचं माप कोण लिहितं?

त्याने अंदाजाने नट सैल केला. हँडल मारलं.

"हे टाइपरायटर आहे."

थोडा आवळला.

"आता पाहुणा दार वाजवून राहिला."

पुन्हा सैल. "हा तर पापड लाटते." इंदुताईंना बोलावलं, त्या म्हणाल्या, "मले सगळं सारखंच वाटते, जेवाले या." जेवून पुन्हा. प्रेमिलाकाकूंची दुपारची झोप आता खरोखर गेली. चौदाव्या वेळी सुमंतचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हँडल मारून मारून तळहातांना फोड आले होते.

मारोतराव डोळे मिटून ऐकत होते. इंजिन चालू होतं. टक, टक, टक.

"आली का काका?"

मारोतरावांनी डोळे उघडले. सुमंतच्या हातांकडे पाहिलं. एक सेकंद घेतला, पूर्ण.

"आली ना," ते म्हणाले. "मस्त."

मग गाडी गिअरमध्ये टाकून ते फाटकाबाहेर निघाले. कोपऱ्यावर गिअर बदलायला त्यांना जरा उशीर झाला. सुमंत पाना पुसत उभा होता. पाना केव्हाचाच स्वच्छ झाला होता.