रुपा हजर

सरिता मॅडमनी देवाजीच्या दारात स्कूटी थांबवली, पण हेल्मेट काढलं नाही. तपासणीचे साहेब दहाला शाळेत पोचणार होते आणि साडेनऊ वाजून गेले होते.

"रुपा कुठं आहे?"

रुपाचा बाप देवाजी ओसरीवर फाटकं जाळं सांधत होता. धरणात गाव गेल्यापासून या पुनर्वसनाच्या प्लॉटवर जाळं वाळत घालायलाही जागा नाही, ही त्याची रोजची तक्रार. आज तो मान वर न करताच बोलला.

"हेडसर काल सांगून गेले. पोरीले आज पाठवू नका म्हने."

"मी तिले न्याले आली."

"कायले मॅडम? तिले धडा वाचता येत नाही. साहेबासमोर उगाच बेइज्जती." त्याने दातांनी गाठ ओढली. "अन् मागच्या साली तं तुमीच आल्या होत्या सांगाले."

 सरिताला घरच्या कपाटातली शाल आठवली, शंभर टक्के मुलं धडा वाचतात म्हणून तालुक्याने पांघरलेली. वाचता न येणाऱ्या पोरांना नेमका तपासणीच्या दिवशी ताप येतो, ही आसपासची जुनीच रीत. तिनेही ती निमूट पाळली होती. सत्काराच्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती रुपा, आणि ते मात्र सरिताला पचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती रुपाला घेऊन गावात फिरे. दारांवरची नावं, प्लॉटच्या पाट्या, खताच्या चुंगड्या-पोती, जे दिसेल ते वाचायचं. लोक हसत. हसोत.

रुपा दारात आली. गणवेश घातलेला, दोन वेण्या, खांद्यावर दप्तर.

"मी सकाळपासून तयार आहो मॅडम."

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापक भोजराज सर उभेच होते. मागे बसलेल्या रुपाला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी तुमचा प्रस्ताव वर गेला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिला घरी सोडून या."

"त्या मुठीत पोरगी गुदमरते, सर," सरिता म्हणाली, आणि आत जाऊन तिने हजेरीत रुपापुढे 'ह' लिहिला.

साहेब आले. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद अशा चार पायऱ्या. कोण कुठल्या पायरीवर आहे ते टिपायचं. बाकी सगळी पोरं परिच्छेद घडाघडा म्हणून गेली. शेवटी रुपा आली. तिने ओळीवर बोट ठेवलं.

"न...दी. नदी. काठा...वर. काठावर."

पुढच्या जोडाक्षरावर बोट अडलं. सरिताने ओठ आवळून धरले.

"शब्द," असं पुटपुटत साहेबांनी लिहिलं आणि मागचे कागद चाळले. "गेल्या वर्षी इथं शंभर टक्के होते. वर्षभरात शाळा खाली कशी आली?"

"साहेब, पोरगी बाहेरगावी होती, मधेच..." भोजराज सरांनी सुरुवात केली.

"नाही," सरिता म्हणाली. "ती इथंच होती. गेल्या वर्षी तपासणीला मीच तिला घरी ठेवलं. तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं, आज शब्द येतात. शाळा खाली नाही आली साहेब, वर गेली आहे."

साहेबांचं पेन थांबलं. भोजराज सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"हे असंच लिहू? तुमच्या प्रस्तावाचं काय होईल ते कळतं ना?"

"लिहा. खाली सही करते."

त्यांनी लिहिलं, तिने सही केली. कागद घडी करून साहेब उठले. चपला घालायला ते दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. रुपाला थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं. तिचं बोट अजून त्याच ओळीवर होतं.

"ना...वा...ड्या...ने. नावाड्याने." तिने मान वर केली. "पुढं वाचू?"

साहेब परत येऊन खुर्चीवर बसले.

"वाच," सरिता म्हणाली.